कॉप्टिक म्हणजे कोण : दिवाकररावांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दिवाकरराव, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेखालीच उत्तर लिहायला घेतलं होतं पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळी पोस्ट टाकतेय. ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देते, म्हणजे मी काही गाळलं असं व्हायला नको. मागच्या आठवड्यात मी 'कॉप्टिक' या शब्दाबद्दल लेख लिहिला होता, त्यावर दिवाकरराव म्हणतात :

"ताई, कॉप्टिक म्हणजे इजिप्तमधले ख्रिश्चन, विषय एका ओळीत संपतो. त्यावर एवढा मोठा लेख पाडायची काही गरज नव्हती. मुळात इजिप्शियन असा अर्थ होता वगैरे कसरती झेपत नसलेल्या विषयात करू नयेत, उद्या म्हणाल हिंदू म्हणजे सिंधूकाठचे. हा शब्द कॉप्टोस नावाच्या गावावरून आलाय हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मेलेल्या भाषेवर तीन परिच्छेद आणि इथिओपियाच्या चर्चबद्दल एक अक्षर नाही. महिन्यांची नावंही धड नाहीत."

आता पहिल्यांदा 'पाडायची' या शब्दाबद्दल बोलते. लेख पाडणं, कविता पाडणं हे आपण कोणाबद्दल म्हणतो ते तुम्हालाही माहितीये. मी हा ब्लॉग नोकरी सांभाळून लिहिते, रात्री जेवणं आवरल्यावर लिहिते, आणि ज्या विषयावर लिहिते त्यावर वाचून लिहिते. मतभेद असेल तर जरूर सांगा, लेखातलं वाक्य उचलून दाखवा, पण 'पाडला' म्हणजे न वाचता, न विचार करता खरडला, आणि तसं तुम्ही म्हणताय ते कशाच्या जोरावर, तर एका ओळीच्या व्याख्येच्या जोरावर. आणि ते 'ताई' लावून 'झेपत नसलेल्या विषयात' असं म्हणणं, याच्यात ताई आदराने आलेलं नाहीये हे न कळण्याइतकी मी नवीन नाही. याच ब्लॉगवर तुम्ही दुसऱ्या एका पाहुण्या लेखकाच्या पोस्टवर तीन चुका दाखवल्या होत्या, तेव्हा 'सर, एक शंका' अशी सुरुवात केली होती. मला शंका नाही, थेट निकाल. असो.

एक गोष्ट मान्य करते. कॉप्टिक पंचांगातल्या महिन्यांच्या नावांमध्ये मी एका ठिकाणी 'थोउत' असं कॉप्टिक रूप लिहिलं आणि खाली 'तूत' असं अरबी, त्याने गोंधळ होतो हे खरं. एकच ठेवायला हवं होतं. दुरुस्त केलंय. धन्यवाद.

आता मुख्य वाक्य. "कॉप्टिक म्हणजे इजिप्तमधले ख्रिश्चन, विषय एका ओळीत संपतो."

नाही संपत. आज वर्तमानपत्रात हा शब्द त्या अर्थाने येतो हे मी लेखातच पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलं नाही किंवा वाचून सोडून दिलं. पण शब्द आज कुठल्या अर्थाने येतो आणि तो शब्द काय आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्राचीन मेम्फिस शहरात प्ताह देवाचं मोठं देऊळ होतं, त्याचं नाव हुत-का-प्ताह, म्हणजे प्ताहच्या 'का'चं, त्याच्या प्राणशक्तीचं घर. देवळाचं नाव शहराला पडलं, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या अमार्नाच्या मातीच्या पाट्यांवर ते 'हिकुप्ताह' असं सापडतं. त्यावरूनच ग्रीकांनी अख्ख्या देशाला आयगुप्तोस म्हटलं असं बहुतेक अभ्यासक मानतात, तिथल्या माणसाला आयगुप्तिओस. अरबांनी पुढचा 'आय' टाकून दिला, उरलं ते किब्त. युरोपात अरबीवरून गेलं आणि झालं कॉप्ट. म्हणजे इजिप्त आणि कॉप्ट हे एकाच शब्दाचे दोन फाटे आहेत, एक ग्रीक वाटेने आला, एक अरबी वाटेने. (खाली आणखी एकांनी विचारलंय की आयगुप्तमधलं 'गुप्त' संस्कृत आहे का. नाही. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही.)

आणि अरब या शब्दाचा अर्थ काय घेत होते हे बघायला फार लांब जायला नको. कुराणात मूसाची गोष्ट आहे, बायबलमध्ये मोझेस म्हणतात ते, तो शहरात येतो तेव्हा दोन माणसं भांडत असतात, एक त्याच्या लोकांपैकी, एक शत्रूपक्षातला, आणि मूसाच्या ठोशाने तो शत्रूपक्षातला माणूस मरतो. कुराणावरच्या जुन्या अरबी टीका उघडा, त्या मेलेल्या माणसाला त्यात काय म्हटलंय? किब्ती. कॉप्ट. फेरोच्या, म्हणजे इजिप्तच्या प्राचीन राजांच्या, काळातला इजिप्तचा माणूस, ख्रिस्ताच्या जन्माच्या हजारेक वर्षं आधीचा. आता दिवाकरराव, तुम्ही सांगा, तो ख्रिश्चन कसा असेल? तुमची एक ओळ लावून बघा या वाक्याला. तो किब्ती आहे कारण तो इस्रायली नाही, तो इजिप्तचा आहे, एवढाच अर्थ.

अरब सैन्य अम्र इब्न अल-आसच्या हाताखाली इजिप्तमध्ये आलं ते 639 साली, 642 पर्यंत अलेक्झांड्रिया शहरसुद्धा त्यांच्या ताब्यात गेलं. तेव्हा त्या देशात राहणारा जवळजवळ प्रत्येक स्थानिक माणूस अरबांच्या लेखी किब्त होता आणि त्यातले बहुतेक ख्रिश्चन होते, त्यामुळे लोकांचं नाव आणि धर्म यात फरक करायची वेळच कोणावर आली नाही. मग पुढच्या काही शतकांत गावंच्या गावं मुसलमान झाली, कुठे कराच्या ओझ्याने, कुठे नोकरीसाठी, कुठे श्रद्धेने, आणि जो मुसलमान झाला त्याला किब्त म्हणणं बंद झालं. नाव तेच राहिलं, त्याखालची माणसं कमी होत गेली. जे उरले ते ख्रिश्चन होते म्हणून किब्त म्हणजे ख्रिश्चन. मी लेखात याला 'शब्द आकसला' म्हटलं होतं, तुम्ही त्याला 'कसरत' म्हणालात. यात कसरत कुठली? नाईलच्या काठावर राहणाऱ्या लोकांचं झालेलं हे आहे.

आता माझ्या झेपण्याबद्दल. मी कुवेतला एका बांधकाम कंपनीच्या अकाउंट्समध्ये बरीच वर्षं काढली. माझ्या शेजारच्या टेबलावर एक इजिप्शियन सहकारी होता, इजिप्तमधल्या मिन्या शहराचा, उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला निळसर हिरवा छोटा क्रॉस गोंदलेला, लहानपणी गोंदतात तसा, वयाबरोबर पसरट झालेला. पगाराच्या याद्या तपासताना हात टेबलावर ठेवला की तो दिसायचा, आणि कोणी बाहेरचं आलं की तो शर्टाची बाही खाली ओढायचा, सवयीने, त्याला स्वतःलाही कळत नसावं. एकदा कागदपत्रांचं काहीतरी काम होतं म्हणून त्याने त्याचं इजिप्तचं ओळखपत्र काढलं. त्यावर धर्माचा रकाना असतो. मला अरबी अक्षरं लावता यायची तोपर्यंत, मी वाचलं, 'मसीही'. म्हणजे ख्रिश्चन. मी म्हटलं, इथे किब्ती का नाही लिहिलेलं? तो म्हणाला, तो धर्म नाही, ते आम्ही आहोत. सरकार धर्म विचारतं म्हणून मसीही. किब्ती कसं लिहितील, किब्ती लिहिलं तर माझ्या शेजारच्या मोहम्मदने काय लिहायचं, त्याचाही खापरपणजोबा किब्तीच होता की.

हे त्याने सहज सांगितलं, वाद घालायला नाही. तो काही प्राध्यापक नव्हता. पण स्वतःच्या नावाचा अर्थ त्याला माहीत होता, आणि तुम्ही पुण्यात बसून त्याला सांगताय की तुझा विषय एका ओळीत संपतो. मला राग त्याचाच आला, माझ्या लेखाला नावं ठेवलीत त्याचा तेवढा नाही. कारण 'इजिप्तमधले ख्रिश्चन' असं म्हटलं की ते कुठूनतरी येऊन इजिप्तमध्ये राहिल्यासारखे वाटतात. त्यांची तक्रार नेमकी हीच आहे, की आपल्याच देशात आपल्याला पाहुण्यासारखं मोजलं जातं. आणि इजिप्तमध्ये असे मुसलमानही आहेत जे म्हणतात की आपण सगळेच किब्ती, काही मुसलमान किब्ती, काही ख्रिश्चन किब्ती. 1919 च्या इंग्रजांविरुद्धच्या उठावात चांदतारा आणि क्रॉस एकाच झेंड्यावर घेऊन लोक रस्त्यावर आले होते ते याच भावनेने. तो अर्थ मेलेला नाहीये, त्याच्यावर आजही तिथे भांडणं होतात.

आणि एवढं करून 'ख्रिश्चन' म्हटलं तरी प्रश्न सुटत नाही, कुठले ख्रिश्चन? 451 साली खाल्सेदोनला भरलेल्या ख्रिश्चन धर्मगुरूंच्या परिषदेत ख्रिस्ताच्या स्वरूपावरून फाटाफूट झाली, अलेक्झांड्रियाच्या चर्चचा प्रमुख दिओस्कोरस याला पदावरून काढलं, आणि इजिप्तमधले बहुसंख्य लोक त्याच्या बाजूने राहिले, ती आजची कॉप्टिक ऑर्थोडॉक्स चर्च. तिचे प्रमुखही पोपच, 2012 पासून दुसरे तवाद्रोस. पण रोमच्या पोपला मानणारी कॉप्टिक कॅथलिक चर्च वेगळी आहे. अमेरिकन प्रेसबिटेरियन (प्रोटेस्टंट) मिशनरी 1854 मध्ये आले, त्यांच्यातून कॉप्टिक इव्हँजेलिकल चर्च झाली. तिन्ही कॉप्टिक. आणि त्याच देशात ग्रीक ऑर्थोडॉक्स आहेत, आर्मेनियन आहेत, पिढ्यानपिढ्या इजिप्तमध्ये राहिलेले ख्रिश्चन आहेत पण त्यांना कोणी कॉप्ट म्हणत नाही. तुमच्या व्याख्येत ते बसतात, प्रत्यक्षात बसत नाहीत. मग एक ओळ कोणाच्या उपयोगाची?

2015 मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर आयसिसने माणसं मारली, ती बातमी आपल्याकडच्या पेपरांतही '21 कॉप्ट्सची हत्या' अशी आली होती. त्यातले 20 इजिप्तचे कॉप्ट होते, बरेचसे मिन्या प्रांतातले, आणि एक घानाचा मजूर होता, मॅथ्यू नावाचा. कॉप्टिक चर्चने 21 जणांनाही हुतात्मा मानलं, त्यालासुद्धा, हे त्यांचं मोठेपण. पण म्हणून तो कॉप्ट होत नाही. शब्द ढिला वापरला की एक माणूस असा आपल्या देशासकट गायब होतो.

महिन्यांचा विषय तुम्हीच काढलात म्हणून तेही सांगते, कारण त्यातूनही माझंच म्हणणं दिसतं. कॉप्टिक पंचांग चर्च वापरते, त्यातला शक 284 पासून मोजतात, डायोक्लेशियन हा रोमन बादशहा गादीवर आला ते वर्ष, हुतात्म्यांचा शक म्हणतात त्याला. नवीन वर्ष 11 सप्टेंबरच्या आसपास, नाताळ कियाहक महिन्याच्या 29 ला म्हणजे 7 जानेवारीला. इथवर तुमचं म्हणणं ठीक, सगळं ख्रिश्चन. पण हेच महिने फेरोंच्या काळापासून चालत आलेत, त्यातल्या काहींची नावं थेट जुन्या देवांची आहेत, तूत म्हणजे थोथ, हातूर म्हणजे हाथोर. आणि इजिप्तचा मुसलमान शेतकरीसुद्धा पेरणी, कापणी, थंडी, वारा याच महिन्यांनी सांगतो. कियाहकमध्ये दिवस लहान, म्हणून म्हण आहे, 'कियाहक, सबाहक मसाक', सकाळ झाली म्हणेपर्यंत संध्याकाळ. फेब्रुवारीतला अमशीर हा वावटळींचा बाप, अबु अझ्झआबीब. आपल्याकडे मराठवाड्यातला मुसलमान शेतकरी मृगाचा पाऊस पडला का असंच विचारतो ना, तसंच ते. त्या शेतकऱ्याला विचारून बघा की हे पंचांग कोणाचं, तो म्हणेल आमचं.

आता 'मेलेली भाषा'. भाषेवर तीन परिच्छेद होते कारण भाषाच मुख्य पुरावा आहे. कॉप्टिक भाषा म्हणजे फेरोंच्या भाषेचाच शेवटचा टप्पा, ग्रीक अक्षरांत लिहिलेला, आणि ग्रीकमध्ये जे आवाज नव्हते त्यांच्यासाठी सहा-सात अक्षरं देमोटिक या इजिप्तच्याच जुन्या, रोजच्या वापराच्या लिपीतून घेतलेली. म्हणजे पिरॅमिड बांधणाऱ्यांची भाषा चर्चमध्ये जिवंत राहिली. इजिप्तची जुनी चित्रलिपी ज्याने उलगडली तो फ्रेंच विद्वान शांपोलियन हे ओळखून होता, पोरवयातच त्याने कॉप्टिकचा इतका ध्यास घेतला की मनातल्या मनात त्याच भाषेत बोलायचा, पॅरिसमध्ये एका कॉप्टिक धर्मगुरूकडून उच्चार शिकला.

आणि मग 1822 मध्ये त्याच्यासमोर अबु सिंबेलच्या देवळातली नक्कल आली, लंबगोल चौकटीत राजाचं नाव. पहिलं चिन्ह सूर्याची चकती. शेवटची दोन चिन्हं सारखी, ती 'स' हे त्याला रोझेटाच्या दगडावरच्या, म्हणजे एकच मजकूर चित्रलिपीत, देमोटिकमध्ये आणि ग्रीकमध्ये कोरलेल्या दगडावरच्या, टॉलेमी राजाच्या नावातून माहीत होतं. सूर्याला कॉप्टिकमध्ये 'रे' म्हणतात. मधलं चिन्ह रोझेटावर वाढदिवसाच्या ठिकाणी येत होतं, आणि जन्म देणे याला कॉप्टिकमध्ये 'मिसे'. रे, मिस, स, स. रामसेस! ज्या भाषेला तुम्ही मेलेली म्हणता तिच्याशिवाय हे नाव कोणी वाचलं नसतं. दगड 1799 मध्ये सापडला होता, तेवीस वर्षं मोठमोठे विद्वान त्याच्याकडे बघत होते.

बोलायची भाषा म्हणून ती मागे पडली हे खरंय, बाराव्या शतकापासून तर प्रार्थनेतही अरबी येत गेली. पण त्या सहकाऱ्याच्या कुटुंबाबरोबर मी कुवेतमधल्या त्यांच्या चर्चमध्ये एका शुक्रवारी सकाळी गेले होते, तिथे समोरच्या पडद्यावर प्रार्थना तीन रकान्यांत चालली होती, एकात कॉप्टिक, एकात अरबी, एकात तीच कॉप्टिक पण अरबी अक्षरांत, ज्यांना लिपी वाचता येत नाही त्यांच्यासाठी. त्याची धाकटी मुलगी तिसऱ्या रकान्यावरून मोठ्याने म्हणत होती, झांजा वाजत होत्या, आणि आई तिला कोपराने हळूच ढोसून चुकलेला शब्द सांगत होती. जी भाषा आई मुलीला दुरुस्त करून सांगते तिला मी मेलेली म्हणणार नाही, तुम्हाला म्हणायची असेल तर म्हणा. आणि विटेला इजिप्तमध्ये आजही 'तूब' म्हणतात तो कॉप्टिक 'तोबे', तोच अरबीतून स्पेनमध्ये जाऊन 'अडोबी' झाला. मगरीला अरबीत 'तिमसाह' म्हणतात तोही इथलाच.

राहिलेलं पटकन. कॉप्टोसबद्दल : ते गाव आहे, आज त्याला किफ्त म्हणतात, केनाजवळ, आणि पूर्वी युरोपातल्या काही लेखकांनी कॉप्ट हा शब्द त्यावरून काढला होता हे मला माहीत आहे. पण अरबीत गावाचं नाव 'फ'ने आणि लोकांचं 'ब'ने लिहितात, दोन वेगळे शब्द. शाळेतल्या पोराचा दाखला इथे चालणार नाही.

इथिओपियाबद्दल : त्यांचा आबुना, म्हणजे प्रमुख, शतकानुशतकं अलेक्झांड्रियाहून पाठवलेला कॉप्ट असायचा, म्हणून बाहेरचे लोक त्या चर्चलाही कॉप्टिक म्हणत राहिले. 1959 पासून तिचा स्वतःचा पॅट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मप्रमुख, आहे. ते स्वतःला तेवाहेदो म्हणतात, कॉप्टिक नाही. म्हणूनच ते लेखात नव्हतं.

हिंदू आणि सिंधू : तो वाद तुम्ही आणलात, मी नाही. माझ्या लेखात त्याचा उल्लेख नव्हता आणि इथेही मी त्यात पडणार नाही. त्यावर येणाऱ्या कमेंट्स मी प्रकाशित करणार नाही, आधीच सांगून ठेवते.

कॉप्टिक कापडांबद्दल आणि कॉप्टिक पुस्तकबांधणीबद्दल दोघातिघांनी चांगले प्रश्न विचारलेत, त्यांना वेगळं उत्तर देईन कारण तिथे परत हाच घोळ आहे, म्युझियममध्ये 'कॉप्टिक कापड' अशी पाटी असते आणि त्यावर ग्रीक देवदेवता विणलेल्या असतात, विणणारा कुठल्या धर्माचा होता ते कोणीच सांगू शकत नाही. आणि उघडल्यावर सपाट राहणारी ती साखळीटाक्याची वही, हल्ली पुण्यामुंबईत वर्कशॉपमध्ये शिकवतात ती, तिला कॉप्टिक म्हणतात कारण इजिप्तमधली जुनी हस्तलिखितं तशी शिवलेली सापडली.

दिवाकरराव, तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. कॉप्टोसबद्दल तुमच्याकडे काही पुरावा असेल तर लिंक द्या, मी वाचेन. फक्त यापुढे लेखातलं वाक्य उचलून बोला, माझं झेपणं न झेपणं माझ्यावर सोडा.